पपनसाचा जॅम

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

नवी वही. कॉलेजातलं उरलेलं प्रॅक्टिकलचं जर्नल आहे. उजव्या पानावर रेघा, डाव्या पानावर आलेखाचे चौकोन. शास्त्रीय कामाला याहून योग्य वही मिळायची नाही.

हिला रक्ताचा कॅन्सर आहे, हे कळून आज बारा दिवस झाले. डॉक्टरांनी (बाई आहेत, वय फार तर पस्तीस, मला 'काका' म्हणतात) सांगितलं, की हा प्रकार सावकाश चालणारा आहे. सकाळ-संध्याकाळ उपाशीपोटी एक-एक गोळी घ्यायची, वेळच्या वेळी रक्त तपासायचं. या गोळ्यांवर पुष्कळ लोक म्हातारे होतात. ही म्हणाली, बरं. कागद पर्समध्ये घातला आणि दुकानात गेली. वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवते. त्या दिवशीही बसवल्या.

मला काही पटलं नाही. एवढा मोठा आजार आणि एवढीशी गोळी? मी एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. लेक्चरर झालो नाही तो केवळ एका परीक्षकाच्या आकसामुळे. पण डोकं तेच आहे.

त्यानंतर डॉक्टर काय खायचं आणि काय खायचं नाही, याची यादी सांगत होत्या. मी तेव्हा मनात योजना आखत होतो, त्यामुळे यादी ऐकायची राहिली. ही ऐकत होती.

संकल्प: रोज पाचला उठायचं. वाचन करायचं. नोंदी ठेवायच्या. चिडायचं नाही. हिला मीच बरी करणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.३०

आठला जाग आली. काल वाचन जास्त झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजचा दिवस मोठा. विभागप्रमुख सरांचं सेमिनार होतं, विषय वनस्पतींमधले फ्लॅव्होनॉइड. फळांना, फुलांना, पानांना रंग आणि कडवटपणा देणारी ही द्रव्यं. मला प्रोजेक्टर लावायला बोलावलं होतं. सरांनी स्लाइड दाखवली: ताटलीत वाढवलेल्या ब्लड कॅन्सरच्या पेशी, त्यावर फ्लॅव्होनॉइड टाकलं, अठ्ठेचाळीस तासांत निम्म्याहून जास्त पेशी मेल्या. माझ्या अंगावर काटा आला. प्रोजेक्टरची वायर हातातच राहिली.

प्रश्नोत्तरांत मी उभा राहिलो. विचारलं, की मग हे माणसाला द्यायला काय हरकत आहे. सर म्हणाले, ताटलीत काय, पेशी व्हिनेगरनेही मरतात, माणसाच्या पोटातून रक्तापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं, खूप काम बाकी आहे. मुलं हसली. सर विनोदी आहेत.

नंतर जिन्यात गाठून त्यांना हिच्याबद्दल सांगितलं आणि माझा विचार सांगितला. सर घड्याळ बघत म्हणाले, इंटरेस्टिंग.

म्हणजे सरांचा पाठिंबा आहे.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७

काम सुरू. पहिला घटक कांद्याची सालं. त्यात फ्लॅव्होनॉइड भरपूर. पाऊण लिटर पाण्यात उकळून पाव लिटर केलं. त्यात सफरचंदाची सालं आणि कडक हिरवा चहा. रंग अप्रतिम, जुन्या फर्निचरच्या पॉलिशसारखा. हिने वास घेतला आणि म्हणाली, ओल्या गोणपाटाचा वास येतोय. मी म्हणालो, औषध आहे. ती म्हणाली, माझं औषध डब्यात आहे. पण ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि रिकामा करून आणला. शेवटी माझा शब्द मोडत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस झाले, डोस नियमित. ग्लास दर वेळी रिकामा येतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतला मनी प्लॅंट एकाएकी मान टाकून बसलाय. पानं पिवळी. हवेत काहीतरी आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मनी प्लॅंटच्या कुंडीत कांद्याच्या सालीचा तुकडा सापडला. हिला विचारलं. म्हणाली, हो, तिथेच ओतते. मी शांतपणे समजावलं, की मी तुझ्यासाठी मरमर मरतोय. त्यावर ही म्हणाली, आजार मला झालाय, तुम्हाला छंद झालाय.

बत्तीस वर्षांच्या संसारात हे ऐकून घ्यावं लागलं. उत्तर दिलं नाही. संध्याकाळी दिलं, तेव्हा ती झोपली होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार. रात्री

सापडलं. पपनस.

पपनसाची साल आणि फोडींवरचं पांढरं आवरण तोंडात धरवत नाही इतकं कडू. हा कडवटपणा म्हणजेच नॅरिन्जिन, फ्लॅव्होनॉइडच. बाजारातून दोन पपनसं आणली. प्रयोगशाळेत सालीचा अर्क काढला, त्यात मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा आणि तीव्र आम्लाचे थेंब. बुडबुडे आले आणि क्षणात गुलाबी, म्हणजे फ्लॅव्होनॉइड आहेच. ही परीक्षा मी मुलांना एकतीस वर्षं लावून देतोय. पण आज पहिल्यांदा मला वाटलं, की नळीतला रंग माझ्याकडे बघतोय.

घरी जाऊन हिच्या देखत पुन्हा करून दाखवली. सिंकवर आम्लाचा डाग पडला. तिने डागच पाहिला.

संध्याकाळी रस काढून दिला. हिने ग्लास तोंडाला लावायच्या आधीच विचारलं, कशाचा. मी सांगितलं. ती म्हणाली, पपनस नाही चालत, डॉक्टरांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलंय, या गोळीबरोबर पपनस अजिबात नाही. ग्लास माझ्या हातात परत दिला.

डॉक्टर लोक सगळ्यालाच नाही म्हणतात. माझ्या वडिलांना भात नको म्हणाले होते. ते भात खाऊन ब्याऐंशी वर्षं जगले.

गोळ्यांच्या खोक्यात एक लांबलचक घडीचा कागद येतो. मागच्या बाजूला खाली बरीच कोरी जागा आहे. त्यावर डोसचं गणित मांडलं. पुढची बाजू अतिशय बारीक टाइपात आहे, कोणी वाचत नसणार. ही दोन वर्षं म्हणतेय, की दुकानात या, तुमचा नंबर वाढलाय. माझा नंबर वाढलेला नाही. टाइप लहान झालेत.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७

विचार केला. खऱ्या संशोधनात रुग्णाला काय दिलं जातंय हे माहीतच नसतं. माहीत असलं की मन आडवं येतं. जगभर असंच करतात. म्हणजे सांगणं हीच चूक होती, देणं नव्हे.

आज ही बहिणीकडे गेली होती. चार पपनसांची सालं बारीक चिरून, रसात साखर घालून जॅम केला. पहिला करपला. दुसरा जमला. काय सोनेरी रंग आला. तीन बरण्या भरल्या. वर चिठ्ठी लावली: संत्रं.

रुग्ण क्र. १, वय ५५, स्त्री. डोस: दोन चमचे, सकाळी.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८

हिने ब्रेडला जॅम लावून खाल्ला. मी पेपरमागून बघत होतो. एक स्लाइस, मग दुसरा. विचारलं, कुठून आणला. मी म्हणालो, मी केला. ती थांबली. चमचा बरणीतच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुम्ही?

मग म्हणाली, किती वर्षांनी तुम्ही माझ्यासाठी काहीतरी केलंत, मला न शिकवता.

पेपर वर धरला. नोंद: भूक चांगली, मनःस्थिती उत्तम.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५

पहिला रिपोर्ट. पांढऱ्या पेशी आकाशाला टेकल्या होत्या, त्या जवळजवळ नॉर्मलला आल्या. डॉक्टर खूश. म्हणाल्या, गोळी छान लागू पडली. मी खिडकीबाहेर बघून हसलो. गोळी.

निघताना त्यांनी विचारलं, बाकी काही घेताय का, काढे, चूर्णं, फळांचे रस? ही म्हणाली, छे, काही नाही. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी म्हणालो, घरचंच जेवण.

हे खोटं नाही. जॅम घरचाच आहे. आणि निष्कर्ष हाती येण्याआधी तोंड उघडायचं नसतं, नाहीतर दुसराच कोणीतरी छापून मोकळा होतो. डॉक्टर हुशार आहेत, वय कमी आहे, नाव हवं असणारच.

रिक्षात हिने माझ्या हातावर हात ठेवला. आजपासून डोस चार चमचे.

१२ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेत सगळ्यांना आडून आडून सांगितलं, की लवकरच काहीतरी ऐकाल. शिपाई म्हणाला, रिटायर होताय का.

सरांना जॅमची छोटी बरणी भेट दिली. सर म्हणाले, चव फार छान आहे. लेखाचा मसुदा सुरू केला. पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं. सरांना अजून कळवलेलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यावा.

हीसुद्धा दुकानात ब्रेड-जॅम डब्यात नेते. तिथल्या मुलींना वाटते. डोस घरी मोजता येतो, दुकानात येत नाही, ही त्रुटी. जेवणानंतर फळांच्या वाटीतही थोडा मिसळू लागलो.

१९ मार्च, बुधवार. सकाळी

हिला दोन दिवस चक्कर येतेय. छातीत फडफडतंय म्हणते, कबूतर कोंडल्यासारखं. म्हणाली, डॉक्टरांना फोन करू का. मी सांगितलं, शरीर घाण बाहेर टाकतंय, हे चांगलं लक्षण आहे. ती म्हणाली, तुम्हाला काय माहीत. मी म्हणालो, वाचतो मी.

तिने फोन केला नाही. माझ्यावर विश्वास आहे.

आणखी एक चमचा वाढवला. अशा वेळी माघार घेतली तर केलेलं सगळं पाण्यात.

२४ मार्च, सोमवार. दुपारी ४, हॉस्पिटलचा कॉरिडॉर

ही दुकानात पडली. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती, तशीच खाली गेली. काचांचा ट्रे अंगावर पडला. मुलींनी अँब्युलन्स बोलावली.

आत घेतलंय. हृदयाचे ठोके चुकताहेत. छातीला वायरी लावल्यात, डोक्याशी पडदा आहे, त्यावर हिरवी रेघ. मला आलेख कळतात. हा आलेख चांगला नाही.

मेहुणी आली. हिची धाकटी बहीण, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायची तिला सवय आहे, माणसांशी बोलतानाही तशीच बोलते. आल्या आल्या विचारलं, भाऊजी, काय दिलंत तिला?

मी म्हणालो, काय देणार.

२४ मार्च. संध्याकाळी ६.३०

डॉक्टरांनी बाहेर येऊन पुन्हा विचारलं. म्हणाल्या, रक्तात गोळीचं प्रमाण वाढल्यासारखं दिसतंय, नमुना तपासायला पाठवलाय, पण असं व्हायला कारण लागतं. चुकून दोन-दोन गोळ्या घेतल्या का? दुसरं काही औषध? काही फळ?

मी म्हणालो, घरचंच जेवण, मागेच सांगितलं ना.

कारणं लिहून ठेवतो. एक, आता ती हॉस्पिटलचं जेवतेय, म्हणजे डोस आपोआप बंदच झालाय. दुसरं, सांगून त्यांचा गोंधळ वाढेल. तिसरं सुचलं की लिहीन.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी ९

ही आज बरी आहे. रेघ नीट चाललीय. मला बघून हसली. म्हणाली, इथला ब्रेड कोरडा ठाक आहे, घशाखाली उतरत नाही, घरून तुमचा जॅम आणा ना.

नर्स म्हणाली, आणा की, थोडं खाऊ दे त्यांना.

२५ मार्च. सकाळी ११, घरी

बरणी ओट्यावर ठेवून पाऊण तास बसलोय.

नेला नाही तर ती विचारेल का. का, याला उत्तर नाही. नेला तर. एक-दोन चमच्यांनी काय होतंय. सर म्हणालेच होते, पोटातून रक्तात फार थोडं जातं. सर एम.एस्सी., पीएच.डी. आहेत.

अर्धी बरणी नेतो. कमी डोस.

२६ मार्च, बुधवार

आज काही लिहीत नाही.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी

लिहितो. नोंद अर्धवट ठेवणं अशास्त्रीय.

परवा दुपारी हिने जॅम खाल्ला. मेहुणीलाही दिला. तिने बोट चाटलं आणि म्हणाली, हे संत्रं नव्हे. मी म्हणालो, कडवट जातीचं आहे. तिने बरणी उचलून पिशवीत टाकली आणि हिच्या पर्समधून घराची किल्ली घेतली.

काल सकाळी पडदा शिट्ट्या मारायला लागला. तीन नर्स धावल्या. मला बाहेर ढकललं. दाराच्या गोल काचेतून हिचे फक्त पाय दिसत होते. डाव्या पायातला मोजा अर्धा निघाला होता. तो कोणीच सारखा करत नव्हतं.

त्याच वेळी मेहुणी आमच्या घरातून आली. हातात तीन वस्तू. बरणी, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला माझा डोसचा तक्ता, आणि गोळ्यांच्या खोक्यातला तो कागद. मला ओलांडून सरळ डॉक्टरांकडे गेली.

त्यानंतर त्यांना काय करायचं ते कळलं. संध्याकाळपर्यंत रेघ जागेवर आली. ही वाचली.

डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. ओरडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ओरडल्या नाहीत. तो कागद माझ्यापुढे ठेवला, माझं गणित असलेली बाजू खाली, छापील बाजू वर, आणि म्हणाल्या, काका, इथून वाचा. मला वाचता येईना. मी म्हणालो, चष्मा बदलायचाय. मग त्यांनीच वाचलं. पपनस आणि त्याच्या जातीची फळं, रस किंवा कोणत्याही स्वरूपात, या औषधाबरोबर घेऊ नयेत. त्यांनी सांगितलं, की पपनसातली काही द्रव्यं गोळी पचवणाऱ्या यंत्रणेलाच अडवतात. गोळी शरीरात साचत जाते, आणि साचलेली गोळी हृदयावर जाते.

मी म्हणालो, पण फ्लॅव्होनॉइडवर जगभर अभ्यास चालू आहे. त्या म्हणाल्या, चालू आहे, चांगला चालू आहे, उद्या त्यातून औषधही निघेल कदाचित. पण अभ्यास चालू असणं आणि जॅम चालू असणं यात फरक आहे. त्या अभ्यासात माणसाला विचारून, सही घेऊन, मोजून देतात. तुम्ही त्यांना विचारलंत?

मी म्हणालो, विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मग?

म्हणालो, ती नाही म्हणाली.

डॉक्टर बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत बसल्या.

माझ्या मते हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी नीट ठसवून सांगायला हवं होतं.

३० मार्च, रविवार. दुपारी १२

आज हिला वॉर्डात आणलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं, मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. मला वाटलं होतं, रडेल किंवा भांडेल. दोन्हीला काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं होतं.

ती छताकडे बघत होती. मग विचारलं, जॅममध्ये? रोजच्या त्या जॅममध्ये होतं?

मी म्हणालो, तुझ्या चांगल्यासाठीच.

ती म्हणाली, दुकानात सगळ्यांना सांगितलं होतं मी. म्हटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, नवऱ्याने जॅम करून दिला. मुली चिडवत होत्या मला.

मी म्हणालो, जॅम मनापासूनच केला होता.

त्यावर तिने कूस बदलली. वायर ताणली गेली. मी उठून सोडवायला गेलो, तर म्हणाली, हात लावू नका, नर्सला बोलवा.

४ एप्रिल, शुक्रवार

डिस्चार्ज. ही थोडे दिवस बहिणीकडे राहणार. हवापालट. मलाही लेखाला वेळ मिळेल. मेहुणीने हिच्या साड्या, गोळ्या, चष्मे आणि दाराजवळची छत्री नेली. चार दिवसांसाठी छत्री कशाला, कळलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मेहुणीकडे गेलो. दार तिने उघडलं आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, ती झोपलीय. आतून हिचा हसण्याचा आवाज आला. फोनवर कोणाशी तरी बोलत होती. मी म्हणालो, झोपेत हसते का. मेहुणी म्हणाली, तुमच्या घरी नाही का हसायची?

मोसंबी नेली होती. पिशवी परत दिली. म्हणाली, भाऊजी, यापुढे काही आणू नका, फूलसुद्धा.

१७ एप्रिल, गुरुवार

सरांना मसुदा दिला. अपयशसुद्धा शास्त्राला उपयोगी असतं, या अंगाने शेवट बदलला होता. सरांनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली. चेहरा पांढरा पडला. म्हणाले, माझं नाव यात कुठेही दिसता कामा नये, आणि मी असं कधीच म्हणालो नव्हतो. मी आठवण करून दिली, सर, जिन्यात, इंटरेस्टिंग म्हणालात. सर म्हणाले, मी सगळ्यांनाच म्हणतो.

दुपारी शिपायाच्या हाती जॅमची बरणी परत आली. निम्मी खाल्लेली होती.

२२ एप्रिल, मंगळवार

संकल्प: घर आवरायचं. सिंकवरचा डाग घालवायचा. हिच्याशी मोकळेपणी बोलायचं. चूक कबूल करायची, जेवढी झाली तेवढी.

२६ एप्रिल, शनिवार

डाग निघत नाही. फोन केला. उचलला नाही. कामात असेल, दुकानात पुन्हा जायला लागलीय असं ऐकलं. तिच्या दुकानासमोरून दोनदा गेलो. काचेआड दिसली. कोण्या म्हाताऱ्याच्या कानामागे दांडी बसवत होती, जीभ किंचित बाहेर काढून. अशी ती लक्ष लागलं की करते. मला हे माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं.

आत गेलो नाही. नंबर काढून घ्यायला म्हणून जाता आलं असतं. पण मग नंबर वाढलाय हे मान्य करावं लागलं असतं.

२ मे, शुक्रवार. संध्याकाळी

अखेर.

हॉस्पिटलमधून फोन. तिथल्या आहारतज्ज्ञ बाई. दहा तारखेला रुग्ण आणि नातेवाइकांची सभा आहे. विषय: फळं, भाज्या आणि कॅन्सरची औषधं. म्हणाल्या, तुमचा अनुभव लोकांना फार उपयोगी पडेल, याल का. हिचीही लेखी परवानगी घेतलीय म्हणाल्या, आणि तीसुद्धा येणार आहे.

हिने परवानगी दिली. म्हणजे राग गेलाय. इतकंच नाही, मला व्यासपीठावर बघायचंय तिला. डॉक्टरांचंही मन बदललेलं दिसतंय. त्या वयात माणसं चटकन बोलून जातात, मग पटतं.

७ मे, बुधवार

भाषण चौदा पानं झालं. फ्लॅव्होनॉइडची रचना, वर्गीकरण, मॅग्नेशियमची परीक्षा, ताटलीतले निष्कर्ष, माझा प्रयोग, मर्यादा (एक परिच्छेद). शेवटी हिचे जाहीर आभार. आरशापुढे वाचून बघितलं, बेचाळीस मिनिटं. अक्षर मोठं काढलंय, अर्थात मागच्या रांगेतल्यांना कागद नीटनेटका दिसावा म्हणून.

परीक्षानळी, आम्लाची बाटली आणि फीत नेऊ का, विचारलं. आहारतज्ज्ञ बाई घाईने नको म्हणाल्या.

नवा शर्ट. हिच्या आवडीचा निळा. बहुधा निळाच आवडतो.

१० मे, शनिवार. दुपारी ३

सभा झाली.

हॉलमध्ये साठेक माणसं. खुर्च्या प्लॅस्टिकच्या. ही तिसऱ्या रांगेत, शेजारी मेहुणी. तब्येत सुधारलीय, गालावर रंग आलाय. मी हात केला. तिने मान हलवली, ओळखीच्या गिऱ्हाइकाला हलवतात तशी.

आधी आहारतज्ज्ञ बाई बोलल्या. भाज्या खा, फळं खा, पण जे काही घ्याल ते डॉक्टरांना सांगा. मग म्हणाल्या, हे न सांगितल्याने काय होतं ते आता एका रुग्णाचे पती स्वतः सांगतील. मी उठलो, कागद काढले, पहिलं पान सुरू केलं. फ्लॅव्होनॉइड या शब्दाची व्युत्पत्ती. बाई जवळ आल्या, हळूच कागद माझ्या हातातून काढून घेतले आणि म्हणाल्या, काका, दोनच मिनिटं. काय दिलंत, किती दिवस दिलंत, आणि विचारल्यावर काय सांगितलंत. एवढंच.

एवढंच सांगितलं. पपनसाचा जॅम. महिनाभर. घरचंच जेवण.

दोन मिनिटंही लागली नाहीत.

पहिल्या रांगेत एक बाई नवऱ्याचा हात धरून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्यासमोर बायकोचं हृदय बंद पडायला आलं होतं, डॉक्टर विचारत होते, तेव्हा तरी का नाही सांगितलंत? टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, त्या गडबडीत विसरलो.

तिसऱ्या रांगेतून, न उठता, ही म्हणाली, विसरले नव्हते.

आवाज चढवला नाही. पाच आठवड्यांत माझ्याबद्दल बोललेले तिचे हे दोन शब्द. तेही मला उद्देशून नव्हते, त्या बाईंना सांगितले. मी खुर्चीत बसलो. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबलं.

चहाच्या वेळी माझ्याभोवती थोडी जागा मोकळी राहत होती. मी सरकलो की तीही सरकत होती. ही डॉक्टरांशी हसून बोलत होती. रिपोर्ट उत्तम आहेत असं कानावर आलं. मग मेहुणीबरोबर निघाली. खिडकीतून बघितलं, तर गाडी हीच चालवत होती. मेहुणी शेजारी हाताची घडी घालून बसली होती. ही गाडी कधी शिकली?

आहारतज्ज्ञ बाईंनी कागद परत दिले. म्हणाल्या, अवघड होतं, पण लोकांच्या लक्षात राहील. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नवे रुग्ण येतात, दर वेळी याल का, एवढंच सांगायला? हिची महिन्याची तपासणी त्याच शनिवारी असते. मी लगेच हो म्हणालो.

खाली रजिस्टरमध्ये नाव लिहून घेताना काउंटरवरची मुलगी सहज म्हणाली, की तुमच्या मॅडमनी पुढच्या सगळ्या तपासण्या मंगळवारवर हलवून घेतल्यात.

मंगळवारी मला प्रॅक्टिकल असतं.